पातळ मिठाच्या सुया

मी फाटक्या तोंडाची, हे येकातेरिनबुर्गच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी तोंड उघडायला हवं तिथे मी उघडलं नाही.

जेलच्या पट्टीत टोचून व्होल्टेज मोजायच्या काचेच्या पोकळ सुया मी बनवते आणि त्यांत दाट मिठाचं पाणीही मीच भरते. गेली तेवीस वर्षं. जेल म्हणजे पाण्याने फुगलेला लिबलिबीत गोळा. आमच्याकडे तो जिवंत पेशीच्या जागी वापरतात. पट्टी ताणली की तिच्यातलं व्होल्टेज स्नायूसारखं बदलतं, असं आमच्या तायस्याने दाखवलं होतं. त्यावरच्या पीएचडीसाठी ती दोन वाजता समितीपुढे उभी राहणार होती.

मिठाच्या पाण्याची बाटली संपली म्हणून फेकायला घेतली, तर तिच्यावर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. दहापट पातळ! फेब्रुवारीपासून मी सुया त्याच पाण्याने भरत होते. विजेचा भारच नसलेल्या, म्हणजे ताणूनही आकडा हलायला नको अशा जेलमध्ये पातळ पाण्याची जुनी सुई टोचून पट्टी ताणली. आकडा अठरा मिलिव्होल्टने सरकला. नीट भरलेली सुई टोचली, तर आकडा ढिम्म. तायस्याच्या प्रबंधात पानोपानी तोच अठरा होता.

तेवढ्यात ती आलीच. "रिम्मा ल्वोव्ना, चेहरा का असा? आज तरी कुणाला झापू नका हं!"

मी बाटली पुढे केली आणि सगळं सांगितलं. ती मटकन स्टुलावर बसली.

"आई तागीलच्या घरून निघालीय, नंतरच्या मेजवानीसाठी पिरोगी भाजून घेऊन," ती म्हणाली. "कुणाला बोललात?"

"नाही गं पोरी."

"मग बोलू नका."

लाज वाटते सांगायला, पण मला हायसं वाटलं. पेन्शनला दोन वर्षं उरली होती आणि संचालक मला घालवायला टपलेलाच होता.

सभागृहात तायस्या न अडखळता बोलली. शेवटी अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कुणाला काही बोलायचंय?"

तिथे कुणीही उठू शकतं, अगदी मीसुद्धा. मी मान खाली घालून बसले. मतपत्रिका वाटायला घेतल्या. एकदा मतदान सुरू झालं की प्रबंध मागे घेता येत नाही.

"थांबा," तायस्या म्हणाली. "मी प्रबंध मागे घेते. सुयांत मीठ पातळ होतं. मी मोजलं ते व्होल्टेज सुयांचं, जेलचं नाही."

संचालक सरळ माझ्याकडे वळला. "सुया कुणी भरल्या?"

"मी," तायस्याच म्हणाली. "रिम्मा ल्वोव्ना तेव्हा रजेवर होत्या."

फेब्रुवारीपासून मी एक दिवसही रजा घेतलेली नाही. संचालक माझ्यावरची नजर हटवेना.

"खरं का हो?" त्याने विचारलं.

मी हो म्हणून मान डोलावली.