मी बंद पडले नव्हते

मी एक जुने श्रवणयंत्र आहे. एका आमदारांच्या डाव्या कानात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, मी मुळातच घाबरट. घाम, पाणी, संपत आलेला सेल, सगळ्याचीच मला धास्ती. पण त्या शनिवारी वाटली तशी भीती मला कधीच वाटली नव्हती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईंनी माझ्या पोटातल्या केसाएवढ्या तारा जोडल्या. साहेबांनी मला पहिल्यांदा कानात घातले, तेव्हा ते आमदार नव्हते, साधे मास्तर होते. बशीत चमचा ठेवल्याचा आवाज त्यांना आला आणि त्यांचे डोळे भरून आले. "यंत्र मोठं गुणाचं आहे," असे ते येईल त्याला सांगत आणि रोज मऊ फडक्याने मला पुसत.

मग ते निवडून आले आणि माझे दिवस फिरले. सभागृहात चर्चा लांबली की साहेब कान खाजवल्यासारखे करून माझा खटका बंद करू लागले. मत देताना ते पुढच्या बाकावरच्या गृहस्थांकडे बघत. पक्षाच्या आमदारांनी कुठले बटण दाबायचे, ते हे गृहस्थ ठरवत. त्यांचे एक बोट वर झाले की 'होय', दोन झाली की 'नाही'. बोटे मोजायला कान कशाला लागतात? माझ्यावर मेण साचले, तरी पुसायची आठवण कुणाला राहिली नाही.

अशाच एका दुपारी लहान गावांतले प्रसूती विभाग बंद करायच्या विधेयकाला साहेबांनी 'होय' म्हटले. त्यात त्यांच्या स्वतःच्या गावचा विभागही होता. त्यांची धाकटी बहीण तिथेच परिचारिका आहे. शेवटचे मतदान सोमवारी व्हायचे होते, म्हणून गावकऱ्यांनी शनिवारी त्यांना रुग्णालयात बोलावले.

गाडीत साहेब आपल्या सहायकाला म्हणाले, "यंत्र बंद पडलं होतं, मत कशावर आहे ते ऐकूच आलं नाही, म्हणून सांगू. पुढच्या आठवड्यात नवं घेऊ, हे टाकून देऊ."

मला कापरे भरले. मी बंद पडले नव्हते, मला बंद केले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

रुग्णालयाच्या दालनात बाके भरली होती. साहेबांनी हात जोडून माझी कागाळी सांगितली. लोक हळहळले. मशीनचा काय भरवसा, असेही कुणी म्हणाले. आता आपली रवानगी कचऱ्यात, हे मी ओळखले.

तेवढ्यात बहीण उठली. सभागृहातले प्रत्येक मत छापून येते आणि मागेल त्याला ते मिळते. तिने आपल्या भावाची सगळी मते मागवून वाचली होती. शाळांची फी वाढवायची, होय. कारखान्याचे पाणी नदीत सोडायचे, होय. सगळी होयच. 'नाही' एकदाच होते, आमदारांचा प्रवासभत्ता कमी करायचा प्रस्ताव आला तेव्हा.

"दादा, हे 'नाही' त्याच दुपारचं आहे," ती म्हणाली. "आमचा विभाग बंद केल्यावर लगेचचं. त्यावर तू उभं राहून भाषणही केलंस. मधल्या वेळात यंत्र कुणी दुरुस्त केलं?"

साहेबांनी मला कानातून काढले आणि मुठीत घट्ट धरले. जीव मुठीत धरणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले. मूठ घामाने ओली होती. साहेबही माझ्याइतकेच घाबरले होते.

मागच्या बाकावरून एक गरोदर बाई भिंतीचा आधार घेत उठली. साहेबांची नजर जमिनीवर होती. त्यांना ती दिसली नाही, ऐकूही आली नाही. मी मात्र ऐकले.

"मागच्या वेळी हा विभाग दुरुस्तीला बंद होता. शहराच्या वाटेवर माझं बाळ गाडीतच गेलं. आता तुम्ही कायमचाच बंद केलात तर मी कुठं जायचं?"

मित्रांनो, माझ्यासारखे यंत्र चालू असताना हाताने झाकले, की त्याचाच आवाज त्याच्यात फिरतो आणि ते शिट्टी वाजवते. साहेबांच्या मुठीतून माझी शिट्टी निघाली. बारीक होती, पण दालनभर गेली.

बहिणीने पुढे येऊन भावाची बोटे एकेक करून सोडवली. मला पुसले आणि त्यांच्या कानात नीट बसवले.

"चालू आहे," ती सगळ्यांना म्हणाली. मग त्या बाईकडे वळली. "आता परत विचार."

बाईने परत विचारले. एकही शब्द गळू नये म्हणून मी जिवाचे रान केले. साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले. "ऐकलं," एवढेच ते म्हणाले.

आज सोमवार आहे. मी सभागृहात आहे. मतदानाची घंटा झाली आहे आणि वरच्या सज्जात ती बाई बहिणीच्या शेजारी पोट धरून बसली आहे. मित्रांनो, आम्हाला पुसा, कोरडे ठेवा, वेळेवर सेल बदला. आणि तुमच्या नावाने कुणी काय मत दिले, ते मागवून वाचत जा, कारण ते काम माझ्याच्याने होणार नाही. माझे काम ऐकवण्याचे, ते मी केले आहे. साहेबांना आज सगळे स्वच्छ ऐकू आले आहे. पण सगळे ऐकूनसुद्धा माणूस 'होय'चे बटण दाबू शकतो, याचीच मला आता सगळ्यात जास्त भीती वाटते.