शेवटच्या आंघोळीची हवा

मी एक जुना हवामापक आहे, पण जुना असलो तरी उगाच कण्हत बसणाऱ्यांतला नाही. साबणाच्या वडीएवढा माझा देह, पुढे छोटा पडदा आणि त्याखाली तीन दिवे: हिरवा, पिवळा, लाल. पाठीला बारीक भोकं आहेत. त्यांतून खोलीतली हवा माझ्या पोटात शिरते आणि ती किती कोंदट आहे, किती दमट आहे, तिच्यात काही विषारी मिसळलं आहे का, हे मी आकड्यांत सांगतो. मित्रांनो, हवा कोणाला दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणीही काहीही बोलतं. आपण मात्र मोजूनमापून बोलतो, असा मला फार वर्षं गर्व होता.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला एका काचेच्या पेटीत ठेवून आधी स्वच्छ हवा हुंगवली, मग मुद्दाम बिघडवलेली. दोन्हींतला फरक बरोबर ओळखला, तेव्हा कुठे माझ्या पाठीवर पास झाल्याचा शिक्का बसला. तिथून मी पनवेलला हेतलताईंकडे आलो. हेतलताई इंजिनियर आहेत. लोकांच्या इमारती तपासणं हा त्यांचा व्यवसाय. वीज कुठे वाया जाते, कुठली खोली भट्टीसारखी तापते, कुठे माणसांना गुदमरल्यासारखं होतं, हे सगळं पाहून त्या अहवाल लिहून देतात. त्यांच्या पिशवीत भिंतींचं तापमान दाखवणारा कॅमेरा होता, विजेचा मीटर होता आणि मी होतो. कॅमेरा दिसायला रुबाबदार होता, त्यामुळे लोक आधी त्याच्याकडे बघत. असो.

सुरुवातीची वर्षं माझी फार चांगली गेली. रोडपालीच्या एका शाळेत दुपारच्या तासाला अख्खा वर्ग जांभया द्यायचा. बाईंची खात्री होती की मुलं रात्रभर मोबाइल बघतात. बाहेरून ट्रक जातात, धूळ येते, म्हणून वर्गाच्या खिडक्या कायम बंद असत. मी बाकावर बसलो आणि दहा मिनिटांत दाखवून दिलं की वर्गातला कोंदटपणा बाहेरच्या पाचपट आहे. वरच्या झडपा उघडल्या, एक पंखा बसवला आणि जांभया थांबल्या. मुलांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. द्रोणागिरीच्या एका गोदामातल्या काचेच्या केबिनमध्येही असंच झालं. तिथला साहेब मला हातात घेऊन म्हणाला, "हे खोटं बोलत नाही." ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

मग करंजाडेचं काम आलं.

चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. तुळशीराम नावाचे गृहस्थ, एके काळी मिठागरं असलेल्या घरातले. त्यांची बायको मालू, बंदराच्या गोदामात नोकरीला असलेला मुलगा प्रणित आणि त्याची बायको दिपिका. दिपिकाचं माहेर उरणच्या कोळीवाड्यात. प्रणितने फोनवर दोन तक्रारी सांगितल्या होत्या. एसी चालतो पण खोली गार होत नाही, आणि बायकोचं डोकं रोज दुखतं. हेतलताई म्हणाल्या, "बुधवारी अकरा वाजता येते."

इथेच घोटाळा झाला. आपल्याकडे कोणी येणार म्हटलं की घर सजतं. मालूबाईंनी सकाळपासून सगळ्या खिडक्या उघडल्या, फरशी पुसली, पडदे बांधले. न्हाणीघराच्या वरच्या खिडकीला कबुतरं येऊ नयेत म्हणून प्लास्टिक ठोकलेलं होतं. ते पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून काढून माळ्यावर टाकलं. आंघोळी लवकर उरकल्या. आम्ही पोचलो तेव्हा घरात वारा असा खेळत होता की मला काही कामच उरलं नाही. सगळीकडे हिरवा दिवा. हेतलताईंनी न्हाणीघरातला गॅसचा गिझर पाहिला आणि विचारलं, "ही खिडकी उघडी असते ना?"

"अवो, ती कवा बंदच नसते," मालूबाई म्हणाल्या. त्यात खोटं बोलण्याचा हेतू नव्हता. घराची अब्रू राखायची होती, एवढंच. मग त्यांनी हेतलताईंना आग्रहाने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. एसीच्या खोलीच्या दाराखालची फट बुजवा, असा सल्ला देऊन हेतलताईंनी अहवाल लिहिला. त्यात एक ओळ होती: घरातली हवा समाधानकारक आहे. ती माझ्या भरवशावर लिहिलेली होती.

चार महिन्यांनी दिपिका एकटीच पनवेलच्या ऑफिसात आली. मी टेबलावरच होतो. पाण्याचा ग्लास तिने तसाच ठेवला आणि म्हणाली, "ताई, तुमच्या मशीननं मला खोटं पाडलं."

अहवालाचा तो कागद मालूबाईंनी फ्रिजवर लावला होता. दिपिकाने कपाळ धरलं की मालूबाई त्या कागदाकडे बोट दाखवत. "मशीन सांगतंय हवा चांगली हाय. आमी सगळी त्याच न्हाणीत आंगोळ करतो, आमचं डोकं नाय दुखत. तुझंच कसं दुखतं? नाचता येईना अंगण वाकडं!" डॉक्टरांच्या तपासणीतही काही सापडलं नव्हतं. त्यातून दिपिका आठ दिवस उरणला गेली, तर तिथे डोकं एकदाही दुखलं नाही. सासरी त्याचा अर्थ सरळ लावला गेला: हिला काम नको. आता तिला माहेरीच ठेवायची भाषा सुरू झाली होती. प्रणित मध्ये पडत नव्हता. "मलाच कधी कधी वाटतं, मी नाटक करते की काय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मला खाली घालायला मान नाही. असती तर घातली असती.

हेतलताईंनी वही ओढली. डोकं कधी दुखतं? सकाळी, कपडे धुऊन झाल्यावर. गरगरतं, मळमळतं, पाय लटपटतात. आंघोळीला आधी कोण जातं?

"आधी बाबा, मग प्रणित, मग आई. डबे, नाश्ता सगळं आवरून शेवटी मी. आंघोळ झाली की तिथंच सगळ्यांचे कपडे धुते."

"आणि गिझर?"

"चालूच असतो. कपड्यांना गरम पाणी लागतं ना."

"खिडकी?"

"तुम्ही आलात तेव्हा उघडी होती ताई. एरवी प्लास्टिक असतं."

हेतलताईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "दिपिका, उद्या न्हाणीघरात पाऊल टाकायचं नाही. मी सकाळी येते. घरात सांगू नकोस, नाहीतर पुन्हा सगळं उघडतील."

दुसऱ्या दिवशी साडेसातला आम्ही दारात. तिघांच्या आंघोळी झाल्या होत्या. अंथरुणं पडलेली, ओट्यावर भांडी, खिडक्या बंद. मालूबाई ओशाळल्या. "अगो बाय, काय हा पसारा! थांबा, खिडक्या तरी उघडते."

"नको मावशी. मला तुमचं रोजचं घर बघायचंय."

हेतलताईंनी मला न्हाणीघरात पालथ्या बादलीवर ठेवलं, गिझर चालू करून नळ सोडला आणि दार लावून घेतलं. आत कोणीही नव्हतं. मी श्वास घेतला मात्र, आणि हिरवा दिवा मला लावताच आला नाही. गॅसला जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की एक विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचा आकडा नऊच्या आत असावा लागतो. तो पन्नास झाला, शंभर झाला, दोनशेच्या पुढे गेला. लाल दिवा लावून मी भोंग्याच्या आवाजात जिवाच्या आकांताने ओरडू लागलो. हेतलताईंनी श्वास रोखून दार उघडलं, गिझर आणि गॅस बंद केला, आणि खिडकीचं प्लास्टिक ओरबाडून काढलं.

तुळशीराम गोंधळून म्हणाले, "पन आमाला तर कदी काय झालं नाय."

"कारण तुम्ही पहिले जाता, काका. पाच-दहा मिनिटांत बाहेर येता. हिच्या वाट्याला तुम्ही तिघांनी मागे ठेवलेली हवा येते, आणि तीही पाऊण तास. एखाद्या दिवशी ही आत चक्कर येऊन पडली असती, आणि आतून कडी लावलेली असती."

मालूबाई सोफ्याच्या कडेला बसल्या. "पोरी, आनि मी तुला माहेरी धाडायला निगालेली," त्या म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.

"मी सांगत होते, आई," दिपिका एवढंच म्हणाली.

पुढे गिझर बाहेरच्या गॅलरीत बसवला. प्लास्टिकच्या जागी जाळी आली. कपडे आता संध्याकाळी प्रणित धुतो, वाकडं तोंड करून का होईना. आठवड्याभरात दिपिकाचं डोकं दुखायचं थांबलं. मालूबाईंनी मजल्यावरच्या चारही घरांत जाऊन सांगितलं, "चूक माजी होती. तुमी बी तुमची न्हाणी तपासा." अहवाल हेतलताईंनी नव्याने लिहिला आणि त्यात आपली चूकही लिहिली. तेव्हापासून त्या कोणत्याही घरी दोनदा जातात, एकदा सांगून आणि एकदा न सांगता.

आता माझा काळ सरत आला आहे. पोटातलं वायू ओळखणारं यंत्र थकलं आहे. दरवर्षी तपासून घेतलं नाही तर आम्ही दिसायला धडधाकट आणि बोलायला चुकीचे होतो. ऑफिसात नवीन हवामापक आला आहे, मी खणात असतो. त्याबद्दल तक्रार नाही.

मनाला लागते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या सकाळी सगळे मला हातात घेऊन म्हणाले, मशीन काय हुशार आहे! दिपिकाला कोणी हुशार म्हणालं नाही. मी पाच मिनिटांत जे सांगितलं, ते ती चार महिन्यांहून जास्त सांगत होती. तेव्हा मित्रांनो, आम्हाला बोलवा, जरूर बोलवा, आणि बोलवाल तेव्हा घर रोजच्यासारखं असू द्या. पण घरातलं माणूस "मला इथे बरं वाटत नाही" म्हणालं, तर माझ्या दिव्याची वाट बघू नका. आधी खिडकी उघडा, आणि त्याचं खरं माना.