थर्झाचं हँडल

थर्झाला जाग आली ती भिंतीवर आदळून. किटली शेगडीवरून घसरून जमिनीवर पडली होती आणि अख्खी बोट एका कुशीवर कलली होती. शहात्तर वर्षांच्या बाईला कुणी सांगायला नको होतं. तिचा जन्मच कोळशाच्या बोटीवर झालेला. कालव्यातलं पाणी गेलं होतं.

अंगावर कोट चढवून ती धुक्यातून खालच्या लॉककडे, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट चढवायच्या-उतरवायच्या दोन दारांच्या हौदाकडे, गेली. काल संध्याकाळी ती एकटीच तिथून बोट वर घेऊन आली होती. वरचं दार अर्धवट उघडं होतं. खालच्या दारातली झडप पुरती बसली नव्हती आणि तेवढ्या फटीतून रात्रभर पाणी पळत होतं. झडप फिरवायचं हँडल तिथेच दांड्यावर लटकत होतं. पितळी मुठीचं. तिच्या नवऱ्याने, एमसने, स्वतः घडवलेलं.

"अगं बाई!" ती एवढंच म्हणाली. झडप बंद केली, दार लोटलं आणि हँडल कोटाखाली दडवलं.

आता दडवायचं कशाला, असं कुणी विचारेल. कारण सप्टेंबरात लेकीशी, लोर्नाशी, बोली झाली होती. कालव्याच्या नियमाने बोट एका जागी चौदाच दिवस राहते, मग हलवावी लागते. हलवायची म्हणजे लॉक आलंच. लॉकवर एक जरी चूक झाली, तर बोट विकायची आणि पुलापलीकडे लोर्नाच्या घरी, मागच्या खोलीत राहायला जायचं. खोली छान होती, उबदार होती. थर्झाला ती बघूनच गुदमरायला व्हायचं.

ती परतली तेव्हा काठावर कोळसेवाला क्लेम उभा होता. त्याचीही बोट चिखलात रुतली होती.

"ते भाड्याच्या बोटीवालं जोडपं बघ," तो करवादला. "धड दोरी बांधता येत नाही आणि निघालेत कालवा फिरायला! त्यांचेच प्रताप हे."

थर्झाने हूं केलं. खरं सांगायचं तर तिला जरा बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

तेवढ्यात सफरचंदाचा केक फडक्यात गुंडाळून लोर्ना पुलावरून आली. तिरकी बोट बघून तिचा चेहरा उतरला. "आई! हे काय गं?"

"भाडेकरूंची कृपा," क्लेमनेच उत्तर दिलं.

लोर्नाने सुटकेचा श्वास टाकला. "मला वाटलं, तूच."

"मी कशाला?" थर्झा म्हणाली. कोटाखाली हँडल बरगड्यांना टोचत होतं.

कालव्यावर एक रीत आहे. ज्याच्या हातून पाणी गेलं, त्याने काठावरच्या प्रत्येक बोटीवर जाऊन तसं सांगायचं. थर्झाच्या आईने तिला सात वर्षांची असताना कान धरून अशी बोटीबोटीवर फिरवली होती. आणि आता तीच रीत पाळत ती भाड्याच्या बोटीवरची मुलगी चिखलाने भरलेल्या बुटांनी समोर येऊन उभी राहिली. रडून रडून नाक लाल झालेलं.

"आजी, माफ करा हं. काल आम्हीही त्याच लॉकमधून आलो. झडप नीट बसवली की नाही, आठवतच नाहीये. आमच्याकडूनच झालं असेल."

"असेल कसलं? झालंच!" क्लेम म्हणाला.

थर्झाला काही ते बघवेना. परक्या पोरीने रीत पाळावी आणि आपण, कालव्यावर जन्मलेलीने, तोंड लपवावं?

"गप रे क्लेम!" तिने कोटाखालून हँडल काढलं. "हे सकाळी मला दांड्यावर मिळालं. माझं आहे. पाणी माझ्या हातून गेलं. पोरी, तू डोळे पूस. आणि क्लेम, तुझी माफी मागते."

क्लेम टोपीशी चाळा करत राहिला. केक आईच्या हातात देऊन लोर्नाने हँडल घेतलं आणि तरातरा वरच्या लॉककडे निघून गेली.

थर्झा काठावरच्या ओंडक्यावर बसली. संपलं, असं तिला वाटलं. वरून लोर्नाने सोडलेलं पाणी आलं, आधी चिखलातून ओघळत, मग काठ धरून. पानं तरंगायला लागली. बोट कण्हली, हळूहळू सरळ झाली. तासाभराने लोर्ना घामाघूम होऊन परत आली. बाह्या वर सारलेल्या, केसांत काडीकचरा. लहानपणी लॉकवर पळायची तशीच दिसत होती.

"हँडल मी घरी नेतेय," ती म्हणाली.

थर्झाने मान हलवली. "ने. बोली ती बोली. बोटीला गिऱ्हाईक बघ."

"गिऱ्हाईक कशाला? तू खोटं बोलत राहिली असतीस ना, तर आजच विकली असती." लोर्ना तिच्याशेजारी टेकली. "हँडल माझ्याकडे राहील. बोट हलवायची, तर मी आल्याशिवाय नाही. कळलं?"

"दर चौदा दिवसांनी येशील?"

"येईन."

लग्न झाल्यापासून लोर्ना महिना महिना फिरकायची नाही, घर पुलापलीकडेच असूनही. केक कापायला थर्झा आत गेली तेव्हा आधी तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून चौदा दिवस मोजले, आणि मग तिला रडू आलं.