बरणीवरचं नाव

त्या दिवशी निलगिरीची बाटली घरी राहिली, म्हणून मला वास आला. नाहीतर मी आजही लानच्या स्वयंपाकघरात शहाण्यासारखी फिरत असते.

मी ज्ञानदा, नाशिकची. इथे आखातात, लानच्या अल थुमामातल्या रेस्टॉरंटमध्ये फूड सेफ्टी सुपरवायझर. रोज तापमान बघायचं, तारखा बघायच्या, तक्त्यावर सही करायची. चौदा महिने हेच. आणि मी अंडंसुद्धा खात नाही. लानचं दुकान चालतं हाडांच्या सूपवर. बारा तास उकळणाऱ्या त्या हाडांचा वास मला सोसत नाही, म्हणून मास्कच्या आत निलगिरीचे दोन थेंब टाकायचे. लान हसायची. म्हणायची, तू पेशंटला हात न लावणारी डॉक्टर आहेस. पगार वेळेवर होत होता, मी ऐकून घेत होते.

लान व्हिएतनामची. चोविसाव्या वर्षी इथे आली ती एका बड्या हॉटेलातल्या खोल्या झाडायला. कामगारांच्या बिल्डिंगमध्ये पलंगाखाली लपवलेल्या शेगडीवर सूप करून विकलं. दोनदा शेगडी जप्त झाली, तिसरी आणली. मग एक बंद पडलेला कॅफेटेरिया भाड्याने घेतला, मग अल थुमामाचं दुकान. त्या हॉटेलातला शेफ तिला ‘बादली’ म्हणायचा. तो आता दर शुक्रवारी तिच्या दारात रांग लावतो, आणि रिकामी टेबलं दिसत असली तरी लान त्याला पाच मिनिटं उभं करते. दहा वर्षं लागली तिला. आता लुसैलमध्ये, ट्रामच्या थांब्यासमोर, दुसरं रेस्टॉरंट. त्या दिवशी सकाळी दहाला तिथे सरकारी तपासणी होती. पास झालं तरच दार उघडणार होतं.

साडेनऊला मी शेवटची नजर टाकायला कोठीत शिरले. तांदळाच्या पोत्यांमागे, गिझरच्या उबेला, काचेची मोठी बरणी. तोंडाला फडकं. चिकटपट्टीवर लानच्या अक्षरात लिहिलेलं, व्हिनेगर. अशीच बरणी अल थुमामातही होती. माझ्या यादीत ती चौदा महिने व्हिनेगर म्हणूनच होती.

मी फडकं उचललं. आत तांदूळ, वर बुडबुडे.

आमच्या गल्लीच्या टोकाला देशी दारूचं दुकान होतं. शाळेत जाता-येता नाक दाबून पळायचो. तो वास मेलं तरी विसरत नाही माणूस.

या देशात चोरून दारू केली तर काय होतं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. तुरुंग, आणि मग विमान. आणि कागदावर लान नव्हतीच. कागदावर मी होते.

लानला आत बोलावलं. तिने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. हाडं आलं लावून या तांदळाच्या दारूने चोळायची, मग तीनदा धुवायची. सूपमध्ये काही उरत नाही. कुणी पीत नाही. तिची आई असंच करायची. याशिवाय सूपला मढ्याचा वास येतो, आणि मग कोण रांग लावणार? मी विचारलं, तिकडेही पहिल्या दिवसापासून? तिने मान हलवली.

“आणि मी खाली सही करत होते.”

“तू वास घेत नव्हतीस, एम,” ती म्हणाली. एम म्हणजे धाकटी बहीण. तिने टोमणा मारला नव्हता, हे जास्त लागलं.

बरणी ओतायची तर सिंक पुढच्या बाजूला. तेवढ्यात ड्रायव्हर वलीने दारावर टकटक केली. तपासणीच्या मॅडम आल्या होत्या, वीस मिनिटं आधीच.

मॅडम मास्क, हातमोजे घालून आल्या. फ्रीज बघितले, गाळण्या बघितल्या, माझी नखंसुद्धा बघितली. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि एसी अठरावर होता. मग त्या कोठीत शिरल्या. एक पोतं सरकवलं, दुसरं सरकवलं. वाकून बरणी पुढे ओढली आणि फडकं काढलं.

लान एक पाऊल पुढे आली. “मॅडम, हे माझं...”

“माझं आहे,” मी म्हणाले. “आंबोळीचं. आमचा घरचा पदार्थ, स्टाफच्या नाश्त्याला. तांदूळ आंबवायला ठेवलेत, अजून वाटायचे आहेत.”

मॅडमनी बुडबुड्यांकडे पाहिलं. नाकाशी हात नेला आणि मास्क खाली ओढायला बोट घातलं. बोट तिथेच थांबलं. मास्क नुसता सारखा केला त्यांनी. म्हणाल्या, त्यांच्या शेजारच्या बाईही असलंच काहीतरी आंबवतात, जिनाभर वास येतो.

मग त्यांनी चिकटपट्टीवर बोट ठेवलं. “यावर व्हिनेगर लिहिलंय. हे चालणार नाही. काय आहे, कधी ठेवलं, जबाबदार कोण, आत्ता लिहा.”

मी पेन घेतलं. आंबोळी. तारीख. ज्ञानदा. खाली सही. मॅडमनी मोबाइल काढला आणि बरणीचा फोटो घेतला. रिपोर्टला जोडायला.

रेस्टॉरंट पास झालं.

त्या गेल्यावर मी बरणी संडासात ओतली, चार वेळा पाणी सोडलं, चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. वलीने पेढे आणू का विचारलं, त्याला हाकलला. लान दारात उभी होती.

“मी सांगणारच होते,” ती म्हणाली. “तू का बोललीस?”

तिला वाटलं, मी तिला वाचवलं. तिचे डोळे भरले होते. खरं सांगायची लाज वाटली. तिने ‘माझं आहे’ म्हटलं असतं, तर त्यांनी अल थुमामाचे तक्ते मागवले असते, आणि चौदा महिन्यांच्या प्रत्येक पानावर माझी सही निघाली असती.

आता रोज मास्कशिवाय वास घेते, उलटी आली तरी. सूप पूर्वीसारखं होत नाही, लोक कुरकुरतात. फोन वाजला की आम्ही दोघी आधी एकमेकींकडे बघतो. तो फोटो कुठल्यातरी फाइलमध्ये आहे. त्यात दारू आहे, आणि दारूवर माझं नाव.