अख्खी वस्तू

सराफ बाजाराची शटरं वर जायच्या आत मासूमाचं झाडून झालेलं असे. तारेच्या ब्रशनं फरशांच्या सांध्यांतली माती खरवडायची, पायऱ्यांखालच्या गटारातला गाळ डब्यात भरायचा आणि गोदावरीवर नेऊन घमेल्यात धूत बसायचं. हलकं ते पाण्याबरोबर जातं, जड ते तळाशी राहतं. सोनारांच्या कपड्यांवरून, कानशीच्या टोकावरून सोन्याची जी भुकटी रस्त्यावर सांडते, तिच्यावर झारेकऱ्यांची घरं चालतात. मासूमाच्या सासूनं हेच केलं होतं, सासूच्या सासूनंही.

या धंद्याचा कायदा एकच. भुकटी झारेकऱ्याची. पण अख्खी वस्तू सापडली, मग ती नाकातली मोरणी असो की मंगळसूत्रातला मणी, तर ज्याच्या दारात सापडली त्याच्या काउंटरवर बोहनीच्या आधी नेऊन ठेवायची. बक्षीस मागायचं नाही. त्या बदल्यात दुकानदार आपलं दार झाडू देतो. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते मोडायचं कसं हेही कोणाला माहीत नव्हतं.

त्या मंगळवारी घमेल्याच्या तळाशी लहान मुलाची बाळी निघाली. अख्खी, फासासकट. मल्हारीशेठच्या दारातला गाळ होता तो. मासूमानं ती पाण्यात खंगाळली, उन्हाकडे धरून पाहिली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधून टाकली. ही बाळी आज कोणाच्या काउंटरवर जाणार नव्हती. याच कायद्यानं तिचा मुलगा गिळला होता.

अदनान लहानपणापासून पाण्यातला. रामकुंडात भाविकांनी टाकलेली नाणी बुडी मारून काढायचा आणि इतका वेळ खाली राहायचा की काठावरच्या बायकाच ओरडायला लागायच्या. मोठा झाला तसा गोव्याला जाऊन लोकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवू लागला. तिथल्या दोन दोस्तांनी त्याच्या डोक्यात भरवलं की, दूरच्या एका बेटांच्या देशात जुनं जहाज बुडालंय, आत सोनं आहे. तिघं भाड्याची बोट घेऊन गेले. परवाना कोणाकडेच नव्हता. वादळात बोट फुटता फुटता वाचली, एकदा पाठीवरच्या टाकीतली हवा संपली, पण जहाज सापडलं. सुटी नाणी निघाली आणि एक सोन्याचा पेला निघाला. कुठे चेपलेला नाही, कड शाबूत, वर कोणाचंतरी नक्षीदार चिन्ह.

दोस्त नाणी घेऊन पसार झाले. अदनान पेला घेऊन बंदरावरच्या कचेरीत गेला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ही वस्तू तुमच्या दारात सापडली. त्यांनी त्याला तिथंच बेड्या घातल्या.

"जगात असा दुसरा चोर नसेल," मासूमाचा नवरा रहेमान म्हणायचा. "माल घेऊन स्वतः चालत ठाण्यात जाणारा. पोरगा दगड आहे, आणि हा दगड कोणाच्या खाणीतला, ते मला माहीत आहे."

आता तिथल्या सरकारी वकिलानं तोड काढली होती. देशाचा ठेवा चोरला, असं अदनाननं लिहून दिलं की महिन्याभरात विमानात बसवून घरी पाठवतील. नाही दिलं, तर खटला चालेल आणि तो किती वर्षं चालेल हे कोणी सांगत नव्हतं. अदनान एकच वाक्य धरून बसला होता: बिनपरवाना बुडी मारली, ते कबूल. चोरी केली नाही. शेवटी तुरुंगानं आईशी बोलायची परवानगी दिली, ती याच मंगळवारची. आईनं समजावावं, असंच सगळ्यांच्या मनात होतं. मासूमाच्याही.

ती पूल ओलांडून पंचवटीत आली. वेदिका वकीलबाईंचं ऑफिस भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात कोथिंबिरीच्या काड्या पडलेल्या. रहेमान आधीच येऊन खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"मावशी, रडू नका हं," वेदिकानं संगणक तिच्याकडे वळवत सांगितलं. "वेळ कमी आहे. सही कर, एवढंच म्हणायचं."

"ठाऊक आहे. वाटेत चार वेळा म्हणून पाहिलंय."

पडद्यावर अदनान आला. गाल बसले होते, दाढी वाढली होती. मागे एक शिपाई जांभई देत उभा.

"अम्मी, काळी पडलीस."

"आणि तू गोरा झालास. ऊन देत नाहीत का मेले?"

"देतात. मोजून."

रहेमान मधेच वाकला. "गप्पा नकोत. सही कर आणि ये घरी. चोर म्हणाले तर म्हणू देत, तिथं तुला कोण ओळखतं?"

"मी ओळखतो ना, अब्बा."

रहेमाननं कपाळावर हात मारला. अदनान आईकडे वळला. "अम्मी, हे सगळे सांगून थकले. मी ऐकलं नाही. पण तू म्हणालीस तर आत्ता करतो सही. तू म्हण."

मासूमाची बोटं ओढणीच्या गाठीशी चाळा करत होती.

"काय आहे गाठीत?" अदनाननं विचारलं. लहानपणी तिथून खडीसाखर निघायची.

"बाळी. आज सापडली."

"अख्खी?"

"अख्खी."

"कोणाच्या दारात?"

"मल्हारीशेठच्या."

"मग अजून तुझ्याकडे कशी?"

तिनं गाठ मुठीत झाकली. इतक्या दूरच्या तुरुंगात बसलेलं पोर गालातल्या गालात हसलं. "अम्मी," तो म्हणाला, फक्त तेवढंच.

हजार कोस लांब बसून ज्यानं तिची चोरी पकडली, त्याला तिनं काय म्हणायचं? तू चोर आहेस, असं लिहून दे?

"सही करू नकोस," ती म्हणाली.

"मासूमा," रहेमान खुर्चीतून उठला.

"नाही म्हणजे नाही. परवान्याची शिक्षा देतील ती भोग. न केलेल्या चोरीखाली आपलं नाव घालायचं नाही. आणि नीट जेव."

"मावशी, वर्षं जातील," वेदिका हळूच म्हणाली.

"जाऊ देत. ती मलाही काढायची आहेत, एकट्या त्याला नाही. तुम्ही एक सांगा ताई, त्यानं पेला का आणून दिला, हे त्या कोर्टाला कोणी सांगितलंय?"

"त्यानंच सांगितलं. कोणाचा विश्वास बसत नाही. म्हणतात, असं कोण करतं."

"आणि करणारे लोक दाखवले तर?"

वेदिकानं चष्मा काढला. "इथून साक्ष देता येईल, कॅमेऱ्यासमोर. अर्ज करावा लागेल. पण तुम्ही त्याची आई. बाजारातलं कोणी हवं."

पूल उतरून मासूमा सरळ सराफ बाजारात गेली. रहेमान मागून बडबडत येत होता. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर गप्प झाला. मल्हारीशेठच्या दुकानात गिऱ्हाईक बसलं होतं. मासूमा पायरी चढली. झारेकरीण दुपारी पायरी चढत नाही. सगळ्यांनी पाहिलं.

तिनं गाठ सोडून बाळी काचेवर ठेवली.

"सकाळी सापडली. तेव्हापासून माझ्याकडे होती. द्यायची नव्हती."

मल्हारीशेठनं चष्म्यावरून पाहिलं. "मग का आणलीस?"

"अदनाननं विचारलं, दिली का. तुरुंगातून विचारलं."

मागच्या महिन्यात रहेमान अदनानसाठी दोन ओळी लिहून मागायला आला होता, तेव्हा शेठनी हात झटकले होते. पोलिसांच्या भानगडीत बाजाराचं नाव नको म्हणून.

"तुमच्या काउंटरवर आमच्या घरानं काय काय आणून ठेवलं, ते तुम्हाला कॅमेऱ्यासमोर सांगायचं आहे," मासूमा म्हणाली. "वकीलबाई अर्ज करतायत."

"मी? परदेशातल्या कोर्टात? मला इंग्रजी कुठे येतं, बाई?"

"मराठीतच बोला. भाषांतराला ते लावतील माणूस."

"धंद्याची वेळ असते."

"असू दे."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी इथंच उभी आहे."

गिऱ्हाईक बाई चुळबुळली. बाहेर दोन कारागीर येऊन थांबले, मग समोरचे दुकानदार. मासूमा हलली नाही. शेठनं बाळी उचलली, सवयीनं तराजूत टाकली, काटा स्थिर होईपर्यंत पाहत राहिले. मग ती वेगळ्या पुडीत बांधली आणि समोरच्या दुकानदाराला हाक मारली.

"अरे पुंजाराम, तुझ्या आईची नथ कोणी आणून दिली होती रे? ये, तूही ये." मग मासूमाकडे न पाहताच म्हणाले, "वकीलबाईंना सांग, बोहनी झाल्यावरची वेळ घ्या."