छप्पर आणि कंस

"छप्पर कुठाय?" भोईर सरांनी कॉम्प्युटरच्या काचेवर बोट आपटत विचारलं.

"कशाचं, सर?"

"माझ्या घराचं! वर्गमुळाचं रे, गाढवा!"

चंदूचं वय तेहतीस. ठाण्याला नौपाड्यात त्याचं स्वतःचं डीटीपीचं दुकान होतं, घरी बायको होती, शाळेत जाणारी मुलगी होती. तरी 'गाढवा' ऐकल्याबरोबर तो खुर्चीतून उठून ताठ उभा राहिला. बाजूच्या मशीनवर लग्नपत्रिका जुळवणारी सगुणा आपल्या मालकाकडे बघतच राहिली. पत्रिकेचं प्रूफ तपासायला आलेले नवरीचे वडीलही चष्मा कपाळावर चढवून बघू लागले.

छप्पर म्हणजे वर्गमुळाच्या चिन्हावरची आडवी रेघ. तिच्या खाली जेवढं येईल तेवढ्याचंच मूळ काढायचं, बाहेर राहील त्याचं नाही. नऊ आणि सोळा दोन्ही तिच्याखाली असले तर उत्तर पाच येतं. सोळा बाहेर राहिला तर एकोणीस. डोंबिवलीच्या शाळेत गुणाजी भोईर सर हे फळ्यावर लिहून शिकवायचे आणि पाठीवर मारून पक्कं करायचे. "घर बांधलंस आणि आयशीला पावसात ठेवलीस?" असं विचारून ते छप्पर आखूड काढणाऱ्याच्या पेकाटात लाथ घालत. ते मूळचे आगरी वस्तीवरचे, घरच्या भातखाचरात राबून बीएस्सी झालेले. हात शेतकऱ्याचा होता आणि पोरांना तो फार जवळून माहीत होता.

ब्याऐंशी साली, सहामाहीच्या पेपरात चंदूचं छप्पर आखूड पडलं. उत्तर बरोबर होतं, पाचच होतं, पण रेघ नऊच्या पुढे पोचली नव्हती. सरांनी लाकडी डस्टर तोंडावर मारला. पुढचा दात अर्धा तुटला. रक्ताने भरलेल्या शर्टानिशी पोरगं घरी गेलं, तेव्हा त्याचा बाप त्याला तसाच परत शाळेत घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, "सर, अजून दोन द्या याला. सुधारला पाहिजे."

सरांनी दिल्या. बापाचा शब्द कसा मोडायचा!

गंमत अशी की चंदूला गणित मनापासून आवडायचं. रविवारी सर घरी फुकट शिकवायचे, स्वतः रचलेली भूमितीची कोडी घालायचे, आणि ती सोडवताना चंदूला भूक लागायची नाही. पण दहावीनंतर त्याने कॉमर्स घेतलं. का घेतलं ते कुणाला सांगितलं नाही. गेल्या दिवाळीत जुन्या बॅचचा मेळावा भरला, तेव्हा तोच चंदू माईक हातात घेऊन म्हणाला, "सरांनी मारलं म्हणून आज आम्ही उभे आहोत." टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी रुमालाने डोळे पुसले. खोटं बोलताना माणसाचा आवाज इतका कसा भरून येतो देव जाणे.

त्याच मेळाव्यात ठरलं की सरांची कोडी, उत्तरांसकट, इंटरनेटवर टाकायची. सरांचं पुस्तक कधी निघालंच नव्हतं. कल्याणच्या एका छापखान्याने सत्त्याऐंशी साली काम घेतलं होतं. प्रूफात छपरं तुटलेली दिसली, तेव्हा सरांनी अक्षरं जुळवणाऱ्या कंपॉझिटरची गचांडी धरली आणि शिशाच्या खिळ्यांची अख्खी केस त्याच्या अंगावर उलटी केली. पोलीस आले, माफी झाली, पुस्तक राहिलं. त्यानंतर कुठल्याही प्रेसवाल्याने सरांना दारात उभं केलं नाही. आता सर एकसष्ट वर्षांचे होते, बायको गेलेली, मुलगा वेगळा राहत होता. कोडी तेवढी जवळ होती.

"तुझ्यावर सोपवतो, चंदू," ते मेळाव्यात म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चंदूवर काही सोपवलं होतं. चंदू त्या रात्री बायकोला तीनदा तेच सांगत बसला.

त्याने मन लावून काम केलं. आधी प्रत्येक समीकरणाचं छोटं चित्र बनवलं आणि पानात जागच्या जागी बसवलं. छप्पर जसंच्या तसं, लांबलचक. दुकानातल्या मशीनवर सरांना दाखवलं तेव्हा ते पान चुटकीसरशी उघडलं. सर खूश झाले. पण चंदूच्याच बॅचच्या, मस्कतला असलेल्या कान्हाने तिकडून पान उघडून पाहिलं आणि फोन केला.

"चंदू, अरे काय भरलंयस त्यात? मी चहा पिऊन आलो, अंघोळ करून आलो, तरी अर्धी चित्रं यायचीच आहेत. मध्येच लाइन तुटली, परत पहिल्यापासून. पोरं कशाला थांबतील रे?"

मग त्याने सगळी पानं एका फाइलीत बांधून बघितली. उतरवून घ्या आणि छापा. ती उघडायला वेगळं सॉफ्टवेअर लागायचं, आणि कान्हाच्या ऑफिसातही ते नव्हतं. उरला एकच मार्ग, साधी अक्षरं. अक्षरांत मुळाचं चिन्ह मिळतं, पण त्याला छप्पर नसतं. म्हणून चंदूने चिन्हापुढे कंस घातला आणि नऊ अधिक सोळा कंसात बसवले. अर्थ तोच, उत्तर पाच. पान झटकन उघडलं. कान्हा म्हणाला, झकास. चंदूने सगळी कोडी तशीच इंटरनेटवर चढवली आणि मग सरांना बोलावलं. आधी विचारायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण आधी विचारलं असतं तर सर नाहीच म्हणाले असते.

"सर, कंस घातलाय ना," तो आता म्हणाला. "छपराचंच काम करतो तो."

"कुणाला विचारून घातला?"

"चित्रं लावली तर पान उघडतच नाही, सर. कान्हाने सांगितलं."

"नाय उघडत तर पोरांनी थांबायचं! मी जल्मभर थांबलोय."

"पोरं नाही थांबत, सर. निघून जातात."

"मग जाऊ देत. पण माझ्या नावावर हे उघडंनागडं नाय टाकायचं. काढ."

"गणित तेच आहे, सर. तुम्हीच सांगा, चूक आहे का?"

चूक नव्हती. तीच तर अडचण होती. सरांचा चेहरा काळानिळा झाला. सगुणाच्या टेबलावर कागद कापायची स्टीलची पट्टी पडली होती, ती त्यांनी उचलली.

"हात पुढे कर."

आणि चंदूने केला! तेहतीस वर्षांच्या माणसाने, गिऱ्हाईकासमोर, हात पुढे केला. पट्टी आडवी नाही, धारेवर बसली. बोटांची सालं निघाली. सगुणा "अहो काका!" म्हणून किंचाळली. सरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "मला शिकवतोस? कंस घालतोस?" म्हणत त्यांनी दुसऱ्या हाताने चंदूच्या तोंडावर सणसणीत चपराक ओढली.

तेव्हा चंदूने सरांच्या कानाखाली वाजवली.

एक मारून तो थांबला असता तर पुढे लोकांनी समजून घेतलं असतं. तो थांबला नाही. त्याने दुसरी मारली, तिसरी मारली, मग मूठ आवळून मारली. सरांचा चष्मा प्रिंटरवर आपटून फुटला. सर मागे गेले, स्टूल आडवं झालं, आणि ते भिंत आणि कागदाच्या रिमांमध्ये खाली कोसळले. चंदूने त्यांच्या बरगडीत लाथ घातली. त्याला बरं वाटत होतं. खरं सांगायचं तर इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"दादा, मरतील ते! सोडा ना!" सगुणा त्याच्या शर्टाला धरून मागे ओढत होती. नवरीचे वडील "अहो, म्हातारा माणूस आहे, काय करताय!" म्हणत मधे पडले. शर्ट फाटला. चंदू धापा टाकत उभा राहिला.

खाली सर अंग आक्रसून बसले होते. एक कोपर त्यांनी डोळ्यांवर आडवं धरलं होतं आणि दुसरा तळवा कानावर घट्ट दाबला होता. चंदूच्या वर्गातली सगळी पोरं असंच धरायची. हे कुणी शिकवत नाही, मार खाल्ला की येतं. सरांना ते अगदी सफाईने येत होतं. त्यांच्या ओठातून रक्त गळून सदऱ्यावर पडत होतं.

"चालेल," ते कोपराआडून म्हणाले.

"काय?"

"कंस चालेल. चालतो कंस. बरोबर आहे." ते घाईघाईने बोलत होते. "तू म्हणतोस तसंच राहू दे. छप्पर नको. कंसच बरोबर आहे."

आठवडाभर चंदूला हेच ऐकायचं होतं. त्यासाठी त्याने मनात किती मुद्दे जुळवून ठेवले होते, त्यातला एकही सरांना पटला नव्हता. आणि आता हे.

"सर, असं नका बोलू," तो म्हणाला. "सर, तुम्हाला पटत नाही ते."

"पटलं. पटलं मला."

"नाही पटलं, सर. मी करतो छपरं. सगळी करतो. चित्रं लावतो."

"नको, नको. कंसच घाल."

चंदू पुढे झाला आणि त्यांना उठवण्यासाठी त्याने हात पुढे केला. सरांनी कोपर आणखी वर घेतलं आणि डोळे मिटले. चंदू तसाच वाकून राहिला. तो हात आता कुठे ठेवावा, हे त्याला समजेना.