खंडेनवमीची बोटं

तो लाल ठिपका... उर्मिलाने ओढणीच्या टोकाने मोबाईलची काच पुसली, पुन्हा पुसली – सकाळी लेकीचा, मिहिकाचा डबा भरताना लोणच्याचा हात लागला असेल – पण ठिपका काचेवर नव्हताच, फोटोत होता, वडिलांच्या, आप्पांच्या काडतुसांच्या खोक्यावर. आणि त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा...

दुबईजवळच्या शारजात, रोल्लातल्या जुन्या नाण्यांच्या दुकानात शौकतभाई त्या फोटोवरच भिंग फिरवत होते. खरं खोकं, पितळी बुडाच्या पंचवीस काडतुसांसकट, आप्पा गेल्यापासून त्यांच्या बंदुकीशेजारी कोल्हापुरात, परवानाधारक बंदूकवाल्याच्या दुकानात जमा होतं. धाकट्या भावाचा, अंकुरचा सकाळीच मेसेज – ‘ताई, गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. बंदूक खोक्यासकट हवीय, नाहीतर नको म्हणतो. खोक्याची किंमत विचारून ठेव. देऊ का?’

“साफ होता तो दो हज़ार दिरहम,” शौकतभाई म्हणाले. म्हणजे अठ्ठेचाळीस-एक हजार रुपये... “मगर बहन, ये लाल दाग? अब पाँच सौ, वो भी किस्मत. किसने उँगलियाँ मारीं?”

“मैंने.”

मी. चार वर्षांची मी, आप्पांच्या कडेवर, खंडेनवमीला बंदूक धुऊन-पुसून पाटावर, झेंडूची माळ नळीला, खोकं पुढ्यात – आणि आप्पा माझं बोट ओल्या कुंकवात बुडवून म्हणायचे, “लाव गं, तुझा मान.” अंकुर रुसायचा, त्याला आधी पेढा मिळायचा. दरवर्षी एक बोट, मागच्याच्या शेजारी. कडेवरून पाटावर आले, परकरातून साडीत आले, बोट मोठं होत गेलं... लग्न होऊन दुबईला आले, तिथे रांग थांबली. पुढची अर्धी ओळ कोरी. इतक्या नवम्या गेल्या, आप्पांनी तिथे स्वतःचंही बोट लावलं नाही.

तिला हसू आलं, आवरेना.

“बुरा मत मानो,” शौकतभाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, “बच्चे थे, क्या करते.”

“नहीं भाई, खुशी से हँस रही हूँ,” ती म्हणाली. त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

बाहेर ऊन, बसथांब्यावर गर्दी. तिने फोटो मिहिकाला पाठवला. लगेच उत्तर – ‘सो टायनी, मम्मा. इज दॅट यू?’ त्याच्याखाली अंकुरचं ‘देऊ का?’ अजून तसंच.

दोन बोटांनी तिने तो पहिला, धाकटा ठिपका मोठा केला – अजून थोडा, अजून थोडा – आजच्या तिच्या बोटाएवढा होईपर्यंत; आणि मग त्यावर हळूच बोट टेकवलं... बस आली, गेली.